खाणीनंतर झोप कुणाची उडते

तुर्कस्तानातल्या सोमाला १३ मे २०१४ रोजी कोळशाच्या खाणीत आग लागली आणि ३०१ माणसं गेली. त्या दिवसांचे व्हिडिओ ढिगानं सापडतात, पण त्यातला एकच माझ्या डोक्यातून जात नाही. एका कामगाराला जिवंत वर काढलंय, तोंड काळंठिक्कर, त्याला धरून ॲम्ब्युलन्सपर्यंत आणलंय, आणि आडवं व्हायच्या आधी तो बाजूच्या माणसाला विचारतोय, बूट काढू का, स्ट्रेचर घाण होईल. खाली शेकडो सोबती अडकलेत, स्वतः मरणाच्या दारातून परत आलाय आणि ह्याला काळजी कसली, तर स्ट्रेचरची.

दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे पंतप्रधान एर्दोगान सोमात आले आणि म्हणाले की खाणीत असे अपघात होतातच, ते या कामाच्या स्वभावातच आहे. वर एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या खाणींचे दाखले दिले, अमुक साली इतके मेले, तमुक साली तितके. जणू काही हिशोब जुळला की विषय संपला.

ही दोन वाक्यं मी कितीदा तरी शेजारी शेजारी ठेवून बघितलीत. ज्याच्या हातात काहीच नव्हतं तो बुटांच्या चिखलाची माफी मागतोय आणि ज्याच्या हातात इन्स्पेक्टर, कायदे, लायसन्स सगळं होतं तो इतिहास सांगतोय. सोमाचंच असं झालं असेल म्हणून मी बाकीच्या दुर्घटनांबद्दल वाचायला घेतलं तर जिथे जावं तिथे हेच. खाण पडली, पेटली, बुडाली की दुःख सगळ्यांच्या वाट्याला येतं, ते दिसतं, त्याचे फोटो निघतात. पण त्याच्या मागोमाग अपराधीपणा येतो तो मात्र हमखास चुकीच्या घरात शिरतो. पाणी जसं उताराकडे जातं तसा दोषही वरच्या ऑफिसातून खाली खाली येत शेवटी अशा माणसाच्या उंबऱ्यात तुंबतो ज्यानं कधी एका कागदावर सहीसुद्धा केलेली नसते.

वेल्समधलं ॲबरफॅन याचं सगळ्यात वाईट उदाहरण आहे, म्हणून तिथे जरा थांबते.

गाव छोटं, दरीतलं. खाण मेरथर व्हेलची, गावातले बहुतेक पुरुष तिथेच कामाला. खाणीतून कोळशाबरोबर जो दगड, माती, राड निघायचा तो डोंगरावर नेऊन ओतायचे. असे सात ढीग झाले होते. सातवा ढीग १९५८ मध्ये सुरू केला तो नेमका झऱ्यांवर. झरे कुणापासून लपलेले नव्हते, नकाशात होते, गावातल्या पोरांना ठाऊक होते. ढीग वाढत वाढत जवळपास ३४ मीटर उंच झाला, आणि त्याच्या खाली, सरळ उतारावर, पँटग्लास ज्युनिअर स्कूल.

२१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. दुपारपासून सहामाहीची सुट्टी लागणार होती, म्हणजे अर्धाच दिवस शाळा. सकाळी दरीत दाट धुकं, पण वर ढिगाच्या माथ्यावर म्हणे स्वच्छ ऊन. ढिगावर काम करणारी टीम साडेसातच्या सुमारास वर पोचली तर माथा काही फूट खचलेला, क्रेनचे रूळ खड्ड्यात पडलेले. फोन करून खाली सांगावं तर फोनची तार चोरीला गेलेली, आणि ती काही पहिल्यांदा गेली नव्हती. मग एका माणसाला पायी खाली पाठवलं. तो निरोप घेऊन परत आला, आता क्रेन मागे घ्यायची होती, दमाचं काम, तर ठरलं की आधी एकेक कप चहा घेऊ आणि मग लागू.

सव्वानऊच्या आसपास ढीग सुटला. क्रेन चालवणाऱ्यानं नंतर चौकशीत सांगितलं की त्याला आधी वाटलं आपल्याला भास होतोय. माथ्यावरचे लोक ओरडले, पण खाली धुक्यात कुणाला काय ऐकू जाणार. शाळेत नुकती हजेरी वगैरे चालली होती. १४४ जण गेले, त्यातली ११६ मुलं.

आता मला सांगा, तो चहा. दोषाच्या दृष्टीनं त्या चहाला काय किंमत आहे? शून्य. चौकशी आयोगानं हे शोधून काढलं की फोनची तार शाबूत असती तरी काही उपयोग झाला नसता, ढीग सुटल्यावर शाळा रिकामी करायला वेळच नव्हता. पण त्या टीममधल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पुढची सगळी वर्षं त्याच गावात राहायचं, आणि चहाचा कप हातात घेतला की काय होत असेल? आणि ज्यानं कुणी ती तार चोरली असेल, बहुतेक तांब्याच्या चार पैशांसाठी, तो कुठेतरी त्याच दरीत राहणारा असणार, त्याचीही मुलं कदाचित शाळेत जाणारी असतील. त्याला आयोगाचा निष्कर्ष कळला असेल का? कळला तरी पटला असेल का?

आणि बाप लोकं. बातमी कळल्यावर खाणीतली पाळी थांबवून कामगार वर आले आणि हातातल्या फावड्यांनी शाळा उपसायला लागले. खाली दबलेली मुलं कशी काढायची हे त्यांच्याइतकं कुणालाच येत नव्हतं, खणणं, उपसणं हे त्यांचं रोजचं काम होतं. मधेच शिट्टी वाजायची आणि सगळे जागच्या जागी थांबायचे, कुणाचा आवाज येतो का ते ऐकायला. सकाळी अकराच्या नंतर एकही मूल जिवंत निघालं नाही. आणि ज्या मातीखालून ते उपसत होते ती माती कुठून आली होती, तर त्यांनीच खालून वर पाठवलेली. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. बाहेरून आलेला माणूस म्हणेल यात त्यांचा काय दोष, ढीग कुठे टाकायचा हे का त्यांनी ठरवलं होतं. बरोबरच आहे. पण मन असं कोर्टासारखं चालत नाही ना.

आयांचं वेगळंच. अर्धा दिवस तर शाळा होती, जाऊ नको म्हटलं असतं तरी चाललं असतं. ज्या घरात सकाळी मूल कुरकुरलं, पोटात दुखतंय म्हणालं, आणि आईनं रागावून पाठवलं, त्या घराचं काय झालं असेल हे मला लिहवत नाही. रोज लाखो आया हेच करतात, मुलांना ढकलून शाळेत पाठवतात, ते चांगल्या आईचंच काम आहे.

वाचलेल्या मुलांचं तर कुणी लवकर लक्षातच घेतलं नाही. ही मुलं सांगतात की पुढचे कितीतरी दिवस त्यांना रस्त्यावर खेळू दिलं जायचं नाही, शेजारच्या घरातलं मूल गेलेलं असायचं आणि खिडकीतून ह्यांना खेळताना बघून त्या माणसांना काय वाटेल म्हणून. आठ-नऊ वर्षांच्या पोराला कुणी तोंडानं म्हटलं नाही की तू का वाचलास, पण खेळायला जायचं नाही, हसायचं नाही, आवाज करायचा नाही, यातून त्यानं काय समजायचं ते समजलंच. २००३ साली ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्रीमध्ये या मुलांवरचा, म्हणजे तोवर चाळिशीत आलेल्या माणसांवरचा अभ्यास आला. तपासलेल्यांपैकी ४६ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक आजार, झालेला होता आणि २९ टक्क्यांना तेव्हाही, म्हणजे ३३ वर्षांनीही, होता.

आपल्याकडे वाचलेल्या माणसाला लोक लगेच म्हणतात, नशीब बलवत्तर म्हणून वाचलास. देव तारी त्याला कोण मारी. म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्या गल्लीत एका आड एक घरात माणूस गेलाय तिथे ही म्हण मोठ्यानं म्हणून बघा, मग बाकीच्यांना देवानं का नाही तारलं? वाचलेला माणूस हा प्रश्न रात्री स्वतःला विचारत असतोच, आपण फक्त त्याला दिवसाही आठवण करून देतो.

बरं, हे सगळं अचानक झालं, कुणाला कल्पना नव्हती, असंही नाही. १९६३ पासून नगरपालिकेच्या इंजिनिअरनं शाळेच्या मागे ओतल्या जाणाऱ्या राडीच्या धोक्याबद्दल पत्रं लिहिली होती. १९६४ मध्ये एका नगरसेविकेनं बैठकीत बोलून दाखवलं होतं की ढीग सरकला तर शाळेला धोका आहे. १९६५ मध्ये आयांनी शाळेपाशी साचणाऱ्या पाण्याबद्दल अर्ज दिला, मुख्याध्यापिकेनं तो पुढे पाठवला. त्या मुख्याध्यापिका २१ ऑक्टोबरला शाळेतच होत्या, त्या गेल्या.

मग गाव आणखी का ओरडलं नाही? हा प्रश्न बाहेरचे लोक फार सहज विचारतात. एकाच खाणीवर जगणाऱ्या गावात राहून बघितलं पाहिजे. खाणीबद्दल तक्रार म्हणजे स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या पोटावर पाय. ढीग बंद करा म्हटलं तर खाण बंद होईल ही भीती तिथे खरीच होती, आसपासच्या खाणी बंद पडत होत्याच. नंतर मात्र हेच उलटं खायला उठतं, की आपल्याला माहीत होतं. गावातला प्रत्येकजण मनातल्या मनात म्हणतो की मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. माझं म्हणणं एवढंच की माहीत असणं आणि हातात असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गावाकडे माहिती होती. अधिकार नॅशनल कोल बोर्डाकडे, म्हणजे खाणी चालवणाऱ्या सरकारी मंडळाकडे होता, आणि त्यांच्याकडे माहितीही होती.

कोल बोर्डाचे चेअरमन लॉर्ड रॉबेन्स त्या दिवशी सरे विद्यापीठाच्या कुलपतीपदाच्या समारंभाला गेले, ॲबरफॅनला पोचले दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. आणि सांगितलं काय, तर ढिगाखाली झरा असल्याचं कुणाला कळणं शक्यच नव्हतं. लॉर्ड जस्टिस एडमंड डेव्हिस यांच्या आयोगानं ७६ दिवस काम करून १९६७ मध्ये स्पष्ट लिहिलं की दोष कोल बोर्डाचा. इतकं होऊन ना कुणाची नोकरी गेली, ना कुणाची पदावनती, ना कुणावर खटला. रॉबेन्स १९७१ पर्यंत चेअरमन राहिले. आणि, हे वाचून मी खरंच हसले, कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा अभ्यास करायला सरकारनं जी समिती नेमली तिचे अध्यक्षही तेच, १९७२ चा तो रिपोर्ट त्यांच्याच नावानं ओळखला जातो. रिपोर्ट चांगला होता म्हणतात. असेल.

दुसरीकडे लोकांनी जगभरातून पाठवलेली मदत साडेसतरा लाख पौंडांच्या घरात गेली. तर चॅरिटी कमिशननं, म्हणजे अशा निधींवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, सुचवलं की आईबापांना पैसे द्यायच्या आधी तपासावं, त्यांची आपल्या मुलांशी कितपत जवळीक होती, म्हणजे त्यांना खरंच मानसिक त्रास झाला असेल का. मी ते वाक्य दोनदा वाचलं. ज्याचं मूल गेलंय त्यानं सिद्ध करायचं की माझं त्याच्यावर प्रेम होतं! आधीच जो रात्रभर स्वतःला विचारतोय की मी त्याला शाळेत का पाठवलं, त्याला तुम्ही फॉर्म देणार. आणि डोंगरावर अजून उभे असलेले बाकीचे ढीग काढायला सरकार तयार होईना, गावकऱ्यांनी शेवटी वेल्श ऑफिसात, म्हणजे वेल्सचा कारभार बघणाऱ्या सरकारी खात्यात, जाऊन राड ओतला, तेव्हा कुठे हालचाल झाली, आणि त्या खर्चातले दीड लाख पौंड याच मदतनिधीतून उचलले. ते परत केले १९९७ मध्ये, तेवढेच दीड लाख, व्याज नाही. २००७ मध्ये वेल्सच्या सरकारनं आणखी पंधरा लाख दिले तेव्हा कुठे तो हिशोब थोडा जागेवर आला.

मी हे सगळं एवढं का वाचत असते, तर बाबांचे एक मित्र आहेत, त्यांच्यामुळे. खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीवरचे मुकादम होते, आता रिटायर झालेत. त्यांच्या पाळीत एकदा छत बसलं आणि एक माणूस गेला. मोठी दुर्घटना नव्हती, पेपरात चार ओळी आल्या असतील. त्या दिवशी एकजण गैरहजर होता म्हणून काकांनी दुसऱ्याला त्या गॅलरीत, म्हणजे खाणीतल्या बोगद्यात, पाठवलं होतं, बस, एवढंच. पाठवायच्या आधी स्वतः काठीनं छत ठोकून आवाज ऐकला होता. खणखणीत आवाज आला तर छत धड, पोकळ आला की टेकू लावायचा, ही खाणीतली पहिली शिकवण. आवाज खणखणीत होता. चौकशीत निघालं की वरच्या दगडात आत चीर होती, ती ठोकून कळण्यासारखी नव्हती. काकांवर एक ओळही नाही.

त्या माणसाच्या बायकोला अनुकंपावर खाणीत नोकरी मिळाली, ड्युटी लागली लॅम्प केबिनला. म्हणजे पाळीवर जाताना प्रत्येकानं तिच्या खिडकीशी जायचं, आपलं टोकन द्यायचं आणि तिच्या हातून दिवा घ्यायचा. पाळी संपली की दिवा परत, टोकन परत. ज्याचा दिवा परत आला नाही तो अजून खाली आहे, असा साधा हिशोब असतो तो. काकांनी रिटायर होईपर्यंत तिच्याच हातून दिवा घेतला.

मी एकदा विचारलं, काका, ती कधी काही बोलली का?

"अगं, एक शब्द नाही. रोज दिवा हातात द्यायची, नंबर बोलायची, की पुढचा. बोलली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं मला."

छोट्या गावाचं हे कुणी सांगत नाही. मोठ्या शहरात माणूस तोंड चुकवून राहू शकतो. खाणीच्या गावात ज्याचा माणूस गेला तो, जो वाचला तो, ज्यानं ड्युटी लावली तो आणि ज्यानं रजा टाकली होती तो, सगळे त्याच रस्त्यानं जातात, त्याच दवाखान्याच्या बाकावर बसतात, मुलं एकाच वर्गात असतात. माफी मागायला किंवा भांडायला वेगळी जागाच नसते, म्हणून दोन्ही राहून जातं.

फ्रान्समध्ये कूरिएरला १० मार्च १९०६ ला कोळशाच्या धुळीचा स्फोट झाला, १०९९ मेले, युरोपातली ही सगळ्यात मोठी खाण-दुर्घटना. काही दिवसांतच शोध थांबवला, आता खाली कुणी जिवंत नाही म्हणाले, सामूहिक दफन झालं. आणि ३० मार्चला, म्हणजे २० दिवसांनी, १३ माणसं स्वतःच्या पायांनी वर आली. अंधारात चाचपडत, मेलेल्यांच्या डब्यातलं खाऊन, घोड्याचं मांस खाऊन. ४ एप्रिलला आणखी एक. लोक खूश झाले असतील असं आपल्याला वाटतं, आणि झालेही असतील घटकाभर, पण लगेच पुढचा प्रश्न आलाच की मग अजून कितीजण जिवंत होते? शोध थांबवायचा निर्णय कंपनीच्या लोकांचा, खाण वाचवायची घाई त्यांना, हे आरोप तेव्हाच झाले, प्रचंड संप झाला, सरकारनं सैन्य आणलं. पण ज्या बाईनं आठवड्याभरात नवऱ्याच्या नावानं रडून घेतलं होतं आणि जिचा नवरा त्या १३ जणांत नव्हता, तिला संपाचा काय उपयोग? आपण लवकर आशा सोडली, ही टोचणी ती कुठल्या चौकशीपुढे मांडणार?

आशेचा उलटा फटका अमेरिकेत सेगोला बसला, वेस्ट व्हर्जिनियात, जानेवारी २००६. १३ जण अडकले होते, नातेवाईक चर्चमध्ये जमलेले, मध्यरात्रीच्या सुमारास निरोप आला की १२ जिवंत आहेत. घंटा वाजल्या, लोक नाचले. जवळपास तीन तासांनी कळलं की निरोप चुकीचा ऐकला गेला, १२ मेलेत, एक जिवंत आहे. तो जो एक वाचला, रँडल मॅक्लॉय, त्यानं नंतर मेलेल्यांच्या घरच्यांना पत्र लिहून त्यांचे शेवटचे तास सांगितले, की चारजणांची ऑक्सिजनची उपकरणं चाललीच नाहीत आणि मग बाकीच्यांनी आपल्यातला वाटून घेतला. त्याला ते लिहायची कुणी सक्ती केली नव्हती. मला वाटतं एकट्यानं वाचलेल्या माणसाला जे कर्ज वाटत असतं ते फेडायचा त्याच्याकडे तेवढाच मार्ग होता. आणि त्या दिवशी त्या खाणीत कामावर असलेल्या दोघांनी त्याच वर्षात आत्महत्या केली. चौकशीत त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं.

आपल्या धनबादजवळच्या चासनालाचं उदाहरण तर घरचंच. २७ डिसेंबर १९७५, जवळच्या जुन्या, पाण्यानं भरलेल्या खाणीची भिंत फुटली आणि पावणेचारशेच्या आसपास माणसं बुडाली. पाणी उपसायलाच आठवडे गेले. अशा पाणी साचलेल्या जुन्या खाणीच्या ६० मीटरच्या आत काम करायचं तर परवानगी लागते, पुढे बोअर मारत मारत जायचं असतं, हे नियमात १९५७ पासून लिहिलेलं आहे. म्हणजे पुन्हा तेच, माहीत होतं. खटल्याचा निकाल लागला २०१२ मध्ये. तोवर आरोपींपैकीही काही वारले होते, उरलेल्या दोघांना एकेक वर्षाची शिक्षा. ३६ वर्षं! तेव्हा जन्मलेलं मूल निकालाच्या दिवशी बापाच्या वयापेक्षा मोठं असेल.

दंडांचं तर बोलूच नये. वेल्समध्येच सेंगहेनिथला १४ ऑक्टोबर १९१३ ला ४३९ कामगार आणि एक बचाव करणारा गेला, त्याच खाणीत १९०१ मध्ये ८१ गेलेच होते. मॅनेजरला २४ पौंड दंड, कंपनीला १० पौंड. एका पेपरनं तेव्हा भागाकार करून छापलं की माणशी एक शिलिंग सव्वा पेनी पडली. शंभर वर्षांनी न्यूझीलंडमध्ये पाइक रिव्हरला २९ जण गेले, २०१० साली, तिथे मुख्य अधिकाऱ्याला तर दंडही नाही, ३४ लाख डॉलर नुकसानभरपाई भरायची तयारी दाखवली आणि त्याच्यावरचे आरोप मागे घेतले गेले. घरचे लोक ते पैसे घेऊन गप्प बसले नाहीत, लढत राहिले, आणि २०१७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तो सौदा बेकायदेशीर होता.

या लोकांना बाहेरचे म्हणतात की तुम्हाला सूड हवाय, आता सोडून द्या, पुढे चला. ॲबरफॅनला मुलांच्या मृत्यूची नोंद वाचली जात असताना एक बाप उठून म्हणाला होता की कारणात लिहा, नॅशनल कोल बोर्डानं जिवंत गाडलं. हे वाक्य मला आधी फक्त संतापाचं वाटायचं. आता वाटतं त्या माणसाला रेकॉर्डवर दुसऱ्या कुणाचं तरी नाव हवं होतं, कारण तोपर्यंत ती जागा रिकामी आहे आणि रिकाम्या जागेत रोज रात्री तो स्वतःचंच नाव लिहितोय. वरच्यानं आपला दोष घेतला नाही की तो हवेत विरत नाही, कुणीतरी खालचा तो उचलतोच. म्हणून मला त्या माफीच्या, शिक्षेच्या मागण्या सूडाच्या वाटतच नाहीत. ओझं ज्याचं त्यानं न्यावं एवढंच ते म्हणतायत.

मध्यंतरी काका घरी आले होते तेव्हा त्यांना ॲबरफॅनची ती फोनच्या तारेची गोष्ट सांगितली. चहा, धुकं, सगळं. त्यांनी आधी टेक्निकल चौकशी केली, क्रेन कसली होती, रूळ किती खचले होते, माणूस खाली जाऊन वर यायला किती वेळ लागला असेल. मग विचारलं, "फोन असता तरी वाचले नसते, हे कुणी ठरवलं?"

आयोगानं, मी म्हटलं. रिपोर्टात छापलंय.

"रिपोर्टात छापून काय होतंय? त्या चहा पिणाऱ्यांच्या घरी जाऊन कुणी सांगितलं का?"

ते कुठे लिहिलेलं नाहीये, मी म्हटलं.

"मग नसेल सांगितलं," काका म्हणाले. "आमच्याकडेही कुणी आलं नव्हतं."